विष पोटापुरतं

जंताच्या गोळीबरोबर दिल्या जाणाऱ्या सूचना कधी नीट वाचल्या आहेत? गोळी चावून खा, गिळू नका. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच द्या, तीही पूड करून पाण्यात कालवून. वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. मूल आजारी असेल तर आज नको, बरं झाल्यावर. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नको. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये अशा विचित्र अटी जागोजागी सापडतात. 'अमुक असेल तर हे करू नको.' का, ते कुणालाच आठवत नसतं, पण ती ओळ पुसायची हिंमतही कुणी करत नाही. जुन्या नोंदी उकरल्या की कळतं, त्या ओळीमागे एक रात्र आहे, ज्या रात्री काहीतरी कोसळलं होतं.

औषधाच्या सूचनाही तशाच असतात. फरक इतकाच, की आमच्याकडे सर्व्हर पडतो आणि तिथे माणूस. मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता, 'शाळेत जंताची गोळी देऊ देऊ नका, मुलांना उलट्या होतात.' त्याखाली दुसऱ्या एका आईचं उत्तर होतं, 'काही होत नाही, मी तर दर महिन्याला देते.' दोघींपैकी कुणाचंच मला पटेना. म्हणून मी या गोळीच्या मागे मागे इतिहासात गेले. त्या प्रवासाची ही गोष्ट.

किरमाणी ओवा आणि पिवळं जग

आपल्याकडे जंत हा घरगुती विषय. मूल झोपेत दात खातंय, जंत झाले असतील. गूळ जास्त खाल्ला, जंत होणार. (होत नाहीत. जंताची अंडी किंवा अळ्या मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, घाणेरड्या हातांतून आणि अनवाणी पायांतून येतात. गुळाचा त्यात दोष नाही.) उपायही घरातच असत, तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी, मोठ्यांना पळसाच्या बिया नाहीतर किरमाणी ओवा.

यातला किरमाणी ओवा युरोपलाही ठाऊक होता. ही दवण्याच्या कुळातली झुडपं, आर्टेमिसिया. १८३०मध्ये जर्मनीत त्यांच्या कळ्यांतून सँटोनिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पुढची सव्वाशे वर्षं ते जगभर गोल जंतांवर दिलं गेलं. त्यानं जंत पडायचे. पण रुग्णाला जग पिवळं दिसू लागायचं. पांढरी भिंत पिवळी, दूध पिवळं. मात्रा थोडी जास्त झाली की झटके यायचे. युरोपातच नेच्याच्या मुळाचा अर्क पट्टकृमीवर द्यायचे. त्यानं काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली.

असं का व्हायचं? पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं. तशी भिंत आपल्या पेशींना नसतेच, त्यामुळे आपण सुटतो. जंत मात्र जिवाणू नाही, तो प्राणी आहे. त्याला स्नायू आहेत, मज्जातंतू आहेत, आतडं आहे. त्याच्या पेशी बऱ्याच अंशी आपल्यासारख्याच चालतात. म्हणजे जंताला मारेल ते आपल्यालाही मारू शकतं. जंताच्या औषधाचा सगळा इतिहास या एकाच अडचणीभोवती फिरतो. विष द्यायचं आहे, पण ते पोटातच राहिलं पाहिजे. रक्तात गेलं की खेळ उलटला.

बोगद्यातला पंडुरोग

१८७२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वताखालून गोटहार्ड रेल्वे बोगदा खोदायला सुरुवात झाली. लांबी १५ किलोमीटर. मजूर बहुतेक इटलीचे. बोगद्याच्या आत उष्ण, दमट हवा, पायाखाली चिखल आणि शौचाला वेगळी जागा नाही. १८८०च्या सुमारास हे मजूर पांढरेफटक पडू लागले. धाप लागायची, चालवेना, काही मेले. तोरिनोमधल्या एदोआर्दो पेरोंचितो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी सापडले. इंग्रजीत हूकवर्म म्हणतात तेच.

हा जेमतेम एक सेंटिमीटरचा जंत. आतड्याला चावा घेऊन रक्त पितो. एका जंतामुळे दिवसाला रक्ताचा फार तर पाचवा हिस्सा मिलिलिटर जातो. पण असे शेकडो असतील आणि वर्षानुवर्षं असतील, तर शरीरातलं लोह संपत जातं. मूल असेल तर त्याची वाढ खुंटते. बाई असेल तर बाळंतपण जिवावर बेतू शकतं.

तो शरीरात येतो कुठून, याचा उलगडा झाला तो अपघातानं. कैरोमध्ये आर्थर लूस नावाचे जर्मन संशोधक अंकुशकृमीच्या अळ्यांवर काम करत होते. अळ्यांचं पाणी त्यांच्या हातावर सांडलं. थोड्या वेळानं तिथे खाज सुटली, कातडी लाल झाली. पुढे स्वतःच्याच विष्ठेत त्यांना अंकुशकृमीची अंडी दिसली. १८९८मध्ये त्यांनी जाहीर केलं, की अळी थेट कातडीतून आत शिरते. म्हणजे मातीत पडलेली विष्ठा आणि त्या मातीवरून चालणारे अनवाणी पाय, एवढं पुरतं.

ओव्याचं फूल

बोगद्यातल्या मजुरांच्या निमित्तानं तोरिनोमध्येच कामिल्लो बोझोलो यांनी एक औषध पुढे आणलं, थायमॉल. आपल्या घरातल्या अमृतधारेच्या बाटलीत कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर जे ओव्याचं फूल असतं, ते हेच. पहिल्या महायुद्धापर्यंत भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा, तिथे त्यातून थायमॉल काढलं जायचं आणि तिथून ते जगभर विकलं जायचं.

त्याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला अमेरिकेत. १९०९मध्ये जॉन रॉकफेलर यांनी दक्षिणेकडच्या राज्यांतला अंकुशकृमी घालवण्यासाठी १० लाख डॉलर दिले आणि त्यातून एक आयोग उभा राहिला. त्याआधी काही वर्षं वर्तमानपत्रं अंकुशकृमीची 'आळसाचा जंतू' अशी चेष्टा करत होती. ज्या गरीब शेतमजुरांना लोक आळशी म्हणायचे, त्यांच्या अंगात मुळात रक्तच उरलेलं नव्हतं. आयोगानं ११ राज्यांत गावोगाव फुकट दवाखाने लावले. लोक विष्ठेचे नमुने डब्यांत घेऊन, घोडागाडीतून, पोराबाळांसह येत. या दवाखान्यांत चार लाखांहून जास्त लोकांवर उपचार झाले.

उपचार असा. आदल्या रात्री जुलाबाचं मीठ घ्यायचं, म्हणजे आतडं रिकामं होतं आणि जंत उघडे पडतात. सकाळी उपाशीपोटी थायमॉलच्या कॅप्सूल. काही तासांनी पुन्हा जुलाबाचं मीठ, म्हणजे मेलेले जंत आणि उरलेलं थायमॉल दोन्ही बाहेर. आणि रुग्णाला बजावून सांगायचं, की आज तेल नको, लोणी नको, दारू नको. पोट साफ करायला एरंडेलसुद्धा नको.

या पथ्यामागे साधं रसायनशास्त्र आहे. थायमॉल पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात आणि दारूत मात्र सहज विरघळतं. कोरड्या पोटात ते आतड्यातच राहून जंतांवर काम करतं. तेल किंवा दारू पोटात असेल तर तेच थायमॉल विरघळून रक्तात जातं आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. हे पथ्य न पाळल्यामुळे माणसं मेली. एका चमचा एरंडेलावर जीव अवलंबून असेल, असं औषध खेड्यातल्या लाखोंना वाटायचं म्हणजे प्रत्येक डोसामागे समजावून सांगणारा एक माणूस हवा. तो आयोगानं दिला, हे त्या मोहिमेचं खरं यश, असं मला वाटतं.

महायुद्ध सुरू झालं, जर्मनीचा रस्ता बंद झाला आणि थायमॉल मिळेना. त्याच्या जागी चिनोपोडियम नावाच्या रानटी झाडाचं तेल आलं. त्यानं काहींना बहिरेपण आलं, काही दगावले.

१९२१मध्ये अमेरिकेच्या पशुसंवर्धन खात्यातले मॉरिस हॉल यांनी आणखी एक द्रव्य शोधलं. कुत्र्यांवर वापरून पाहिलं, मग स्वतः घेतलं. ते होतं कार्बन टेट्राक्लोराइड. हो, तेच, जे तेव्हा आग विझवायला आणि कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरत. अंकुशकृमींवर ते जालीम ठरलं, शिवाय स्वस्त. फिजीत डॉ. एस. एम. लॅम्बर्ट यांनी पन्नास हजारांच्या आसपास लोकांना दिलं आणि मृत्यू मोजकेच झाले. पण दारू पिणाऱ्यांचं यकृत ते जाळून टाकायचं. पुढे १९२५मध्ये हॉल यांनीच त्याहून सौम्य टेट्राक्लोरोइथिलीन आणलं, आणि ते अनेक दशकं चाललं.

मेंढ्यांच्या कळपातून

आज मिळणारी सुरक्षित गोळी माणसांसाठी म्हणून शोधलेली नव्हती. ती आली मेंढ्यांमुळे. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांनी लोकर आणि मांसाच्या धंद्याचं मोठं नुकसान व्हायचं, आणि त्या धंद्याकडे औषधावर खर्च करायला पैसा होता. अनवाणी शेतमजुराकडे नव्हता. १९६१मध्ये मर्क कंपनीचं थायाबेन्डाझोल आलं. त्याच कुळातलं अल्बेन्डाझोल १९७०च्या दशकात स्मिथ क्लाइनच्या जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. आधी ते जनावरांना दिलं गेलं आणि १९८०च्या दशकात माणसांपर्यंत पोचलं.

या कुळानं जुनी अडचण दोन बाजूंनी सोडवली. पहिली बाजू म्हणजे नेम. पेशीच्या आत सामानाची ने-आण करणारे बारीक रूळ असतात, ते ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बनतात. जंताच्या ट्यूब्युलिनला हे औषध घट्ट चिकटतं, आपल्या ट्यूब्युलिनला फार सैल. जंताचे रूळ मोडतात, त्याला साखर शोषता येत नाही आणि काही दिवसांत तो उपासमारीनं मरतो. म्हणूनच गोळी घेतल्यावर लगेच जंत पडले नाहीत, तर औषध लागू झालं नाही असं समजू नये.

दुसरी बाजू जुनीच, विष पोटापुरतं ठेवायची. अल्बेन्डाझोल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे बहुतेक औषध आतड्यातच राहतं. आणि इथे शंभर वर्षांपूर्वीचं तेल पुन्हा भेटतं. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर अल्बेन्डाझोल रक्तात साधारण पाचपट जास्त जातं. आतड्यातल्या जंतांसाठी त्याची गरज नसते. पण डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात, तेव्हा औषध मेंदूपर्यंत पोचायलाच हवं. तिथे डॉक्टर मुद्दाम सांगतात, तुपाच्या जेवणाबरोबर घ्या. आणि मग तो एका गोळीचा मामला राहत नाही. औषध दिवसच्या दिवस चालतं, मेंदूची सूज आवरायला स्टेरॉइड लागतात, उपचार लांबला तर यकृत आणि रक्तपेशी तपासत राहावं लागतं. तेच औषध, तेच तूप, पण प्रश्न बदलला की उत्तर उलटं होतं.

फिट येत असतील तर आधी सांगा, ही ओळ इथून आली. मेंदूत अशा गाठी असल्याचं अनेकांना ठाऊकच नसतं. औषधानं त्या मरू लागल्या की भोवती सूज येते आणि झटका येऊ शकतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांची अटही ट्यूब्युलिनकडेच बोट दाखवते. त्या काळात बाळाच्या पेशी भराभर विभागत असतात, आणि विभागणीला तेच रूळ लागतात. या औषधाच्या मोठ्या मात्रांनी प्राण्यांच्या पिल्लांमध्ये व्यंग आल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

आणि गोळी पूड करून द्या, ही सूचना? त्यामागे रसायनशास्त्र वगैरे काही नाही. इथियोपियात २००७मध्ये सामूहिक औषध वाटपात चार लहान मुलांच्या घशात जंताची गोळी अडकली आणि ती गुदमरून गेली. औषध निर्दोष होतं. रडणाऱ्या मुलाचं तोंड धरून घातलेली अख्खी गोळी घातक ठरली. आता मोहिमेच्या प्रशिक्षणात सांगतात, लहान मुलाला पूड करून द्या आणि कधीही बळजबरी करू नका.

सुरक्षित कशासाठी?

औषध सुरक्षित आहे, हे वाक्य अर्धवट असतं. किती मात्रेत, कुणाला आणि कशासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. याचा धडा आपल्याला २०२१मध्ये शेजारीच मिळाला. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं दुसरं मोठं औषध. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते आलं आणि त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५मध्ये नोबेल मिळालं. नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगावर वजनाप्रमाणे एक डोस वर्षातून एकदा-दोनदा देतात. त्यानं लाखो लोकांचे डोळे वाचले.

मे २०२१मध्ये गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं, की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना, कोविड असो वा नसो, पाच दिवस आयव्हरमेक्टिन दिलं जाईल. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा सांगत होती, की चाचण्यांबाहेर हे औषध कोविडसाठी वापरू नका. पुढे मोठ्या चाचण्यांत त्याचा कोविडवर उपयोग दिसला नाही. अमेरिकेत तर लोक घोड्यांसाठीची पेस्ट खाऊन दवाखान्यात पोचले. मला त्या लोकांचा राग येत नाही. ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या, हाताला लागेल ते धरण्याचे दिवस होते. पण 'जंतावर सुरक्षित' हे प्रमाणपत्र 'सगळ्यावर सुरक्षित' म्हणून चालत नाही.

दर महिन्याला का नको

आता सोसायटीतल्या त्या दुसऱ्या आईकडे येते. दर महिन्याला गोळी दिली तर बिघडलं कुठे?

बिघडतं, आणि ते मेंढ्यांनी आधीच दाखवून दिलंय. १९६१ला आलेलं थायाबेन्डाझोल १९६४मध्येच काही मेंढ्यांच्या जंतांवर चालेनासं झालं होतं. वारंवार औषध पाजलं की संवेदनशील जंत मरतात आणि निबर तेवढे उरतात. त्यांच्या ट्यूब्युलिनमध्ये २०० क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. जनुकात बघितलं तर एक अक्षर. एका अक्षरानं अख्खी यंत्रणा बंद पडते, हे आमच्या धंद्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आज अनेक देशांत मेंढपाळांकडे या कुळातलं औषध जवळपास निकामी झालं आहे. माणसांच्या जंतांवर ही वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर गोळी ठरलेल्या दिवशी नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावी.

पहिल्या फॉरवर्डचं काय? गोळीनंतर काही मुलांना मळमळतं, पोट दुखतं, एखादी उलटी होते. ज्यांच्या पोटात जंत जास्त, त्यांना हे अधिक होतं, कारण जंत मरत असतात. बहुतेक वेळा सावलीत बसवून पाणी दिलं की थोड्या वेळात थांबतं. त्रास टिकला तर डॉक्टर. थायमॉलच्या बेशुद्धीपासून आपण इथवर आलो आहोत, हे माहीत असलं की एका उलटीची भीती वाटत नाही.

गोळीची खरी मर्यादा वेगळीच आहे. ती आजचे जंत मारते, उद्याचे अडवत नाही. अंगण तेच, माती तीच, पाय अनवाणी, तर काही महिन्यांत पोट पुन्हा भरतं. दक्षिण कोरियात १९७१मध्ये ८४.३ टक्के लोकांच्या विष्ठेत जंतांची अंडी सापडली होती. १९९७मध्ये हेच प्रमाण २.४ टक्क्यांवर आलं. तिथे शाळेतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि औषधोपचार, हे जवळपास पंचवीस वर्षं न कंटाळता चाललं. त्याच काळात शेतातलं सोनखत बंद झालं, संडास आले, नळ आले. गोळीनं वेळ मिळवून दिला आणि त्या वेळात कोरियानं गटारं बांधली.

आपल्याकडे २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, बहुतेक ठिकाणी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत गोळी फुकट मिळते. तुमच्या घरात, नाहीतर घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात त्या वयाचं मूल असेल, तर त्या दिवशी त्याला शाळेत पाठवा. आजारी असेल तर अंगणवाडी ताईंना आधी सांगा. त्या मॉप-अपच्या दिवशी देतील. लहान असेल तर पूड करून, मोठं असेल तर चावून. आणि मग शाळेच्या संडासात पाणी आणि साबण आहे का, तेही एकदा बघून या. जुलाबाचं मीठ आणि तेलाचं पथ्य इतिहासात जमा झालं, पण त्या संडासाचं काम अजून आपल्याकडे बाकी आहे.